कूलर जावयाचा, शेगडी बाळंतिणीची

आमच्या घरात 'चैन' ही शिवी होती. इतर घरांत पोरांना गाढव, माकड असं काहीतरी म्हणत. आमचे वडील चष्मा कपाळावर सरकवून एवढंच म्हणत, "चैन सुचतेय!" की आम्हा दोघी बहिणींना कळायचं, हातात जे काही आहे ते खाली ठेवायचं. वडलांना आम्ही भाऊ म्हणायचो. त्यांची थोरली बहीण त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून आईपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांचेच ते भाऊ.

भाऊ जळगावात सरकारी कचेरीत कारकून होते. चैन कशाला म्हणायचं हे तेच ठरवायचे आणि त्यावर अपील नव्हतं. चहाबरोबर बिस्कीट चालायचं, नुसतं बिस्कीट ही चैन. एक उशी ही गरज, दुसरी चैन. पंखा मार्चमध्ये चैन आणि एप्रिलपासून गरज, आणि एप्रिल कधी लागला हे कॅलेंडर नाही, भाऊ सांगणार. त्यांचा स्वतःचा कडक इस्त्रीचा शर्ट मात्र चैनीत मोडत नसे. का, तर म्हणे ती नोकरी आहे. आई या सगळ्यावर काही बोलायची नाही. भाकरी थापताना हाताचा आवाज जरा मोठा व्हायचा, तेवढाच तिचा निषेध.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमाराची. मी कॉलेजात होते, तोंडाने तिखट होते आणि सुट्टीत घरी रिकामी होते. माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न होऊन ती नाशकाला गेली होती, आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून चैत्रात जळगावला आली. आता पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा नियम ज्याने काढला, त्याने जळगावचा मे महिना काढलेला नसणार. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं. दाराची कडी काढायला पदर लागतो. कुत्री गटारात उतरून बसतात ती संध्याकाळी बाहेर येतात. आम्ही फरशीवर पाणी ओतून त्यावर आडवे व्हायचो, आणि फरशी वाळली की उठून परत ओतायचो. अशा दिवसांत माझ्या बहिणीला मुलगी झाली. दवाखान्यातून दोघी घरी आल्या, आणि त्याच दिवशी धुळ्याजवळच्या, सोनगीरकडच्या गावाहून एसटीने अक्का आली.

अक्का म्हणजे भाऊंची थोरली बहीण. खरं तर आमची आत्या, पण सगळं घर तिला अक्काच म्हणायचं. पाच लेकरं वाढवलेली, नवऱ्यामागे शेत सांभाळलेली, उभी राहिली की दार भरून जायचं अशी बाई. तिच्यासमोर भाऊसुद्धा आवाज खाली आणून बोलायचे, हे आमच्या आयुष्यातलं एक मोठं सुख. ती रिक्षातून उतरली तेव्हा तिच्याबरोबर एक कपड्याची पिशवी होती आणि एक पोतं होतं. पोत्यात गवऱ्या. धुळ्याहून जळगावपर्यंत तिने शेणाच्या गवऱ्या एसटीने आणल्या होत्या, आणि लगेजचं तिकीट मागणाऱ्या कंडक्टरशी अमळनेरपर्यंत भांडली होती.

"अगं, इथे मिळतात की गवऱ्या," मी म्हटलं.

"शहरन्या गवऱ्या नुसता धूर करतस," ती म्हणाली आणि पोतं माझ्या पायाशी टाकून आत गेली.

आत गेली ती थेट बाळंतिणीच्या खोलीत. पहिलं काम तिने काय केलं असेल तर पंखा बंद केला. दुसरं, खिडकी लावली आणि तिच्या फटीत गोधडीच्या चिंध्या कोंबल्या. मग बहिणीच्या कानांना घट्ट फडकं बांधलं, बाजेवर जाड गोधडी घातली आणि बाजेखाली शेगडी ठेवली. त्या पोत्यातल्या गवऱ्यांची, रसरशीत निखाऱ्यांची. वर ओव्याची चिमूट. खोलीत असा वास सुटला, की वाटावं, आपण कोणाच्या तरी फोडणीत पडलोय.

"अक्का, मे महिना आहे," बहीण म्हणाली.

"बाळंतीनले वारा लागना तं जल्मभर हाडं दुखतस," अक्काने निकाल दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दार लाय वं, वारा येस."

कसला वारा! बाहेर जो येत होता तो वारा नव्हता, भट्टीच्या तोंडाची झळ होती. पण "दार लाय, वारा येस" हे त्या घराचं पुढचं भजन झालं. दिवसभर ऐकू यायचं. मी पाणी द्यायला गेले तरी, आई लंगोट आणायला गेली तरी. पाणी तरी काय, उकळून गार केलेलं, तेही वाटीने. जास्त प्यायली तर पोट सुटेल म्हणे. जेवणात बाजरीची भाकरी, शेपूची भाजी आणि तूप. मिरची बंद. खान्देशात जन्मलेल्या मुलीची मिरची बंद करणं म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळणार नाही. माझी बहीण पाळण्यातून उतरली ती शेवभाजी खातच उतरली होती. ती माझा हात धरून म्हणाली, "मला एक हिरवी मिरची आणून दे. नुसती चाटते."

अक्का जिवाचं रान करत होती, हे कोणीही नाकारणार नाही. पहाटेपासून तेल, मालिश, कढत पाण्याची आंघोळ, धुरी, डिंकाचे लाडू. स्वतः घामाने निथळायची आणि बसायची त्याच कोंडलेल्या खोलीत. लाडू खाताना बहिणीने तोंड वाकडं केलं, तर अक्का तिच्याकडे अशी बघायची, जसं काही कोणी सोनं नाल्यात फेकलं. मला त्या बघण्याचा राग यायचा. एवढी जबरदस्ती करायची आणि वर कौतुकाचीही अपेक्षा!

त्यातच जावयाचं पत्र आलं. बारशाला येतो, दोन दिवस आधीच येतो, मुलीला बघायची घाई झालीय.

पत्र वाचून भाऊ उठले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बाहेर पडले. परतले ते हातगाडीबरोबर. हातगाडीवर कूलर होता. चांगला कमरेच्या वर येईल एवढा, पत्र्याचा, निळा रंग अजून ओला, तिन्ही बाजूंना गवताच्या जाळ्या. गल्लीतली झाडून सगळी पोरं मागे. आम्ही दारात उभ्या राहिलो. माझ्या आयुष्यात मी भाऊंना नुसतं बिस्कीट खातानाही पाहिलं नव्हतं.

"भाऊ, ही चैन नाही का?" मी विचारलं. विचारलं म्हणजे काय, सूडच घेतला.

"जावई येतोय," ते म्हणाले. "नाशकाच्या हवेतला माणूस. त्याला इथे उकडून काढायचं का?"

तो दिवस मला अजून लख्ख आठवतो, कारण त्या दिवशी मला चैनीचं गणित कळलं. आपल्यासाठी केली की चैन, जावयासाठी केली की मान. एकच कूलर, पण तोंड कोणाकडे आहे त्यावर त्याचं नाव ठरणार.

कूलर बाहेरच्या खोलीच्या खिडकीत बसवला. भाऊंनी स्वतः बादल्या ओतल्या, बटण दाबलं, आणि घरात पिठाची गिरणी चालू झाल्यासारखा आवाज आला. पण हवा! ओल्या गवताचा वास घेऊन अशी गार हवा आली की आईने डोळे मिटले. मी तिला असं डोळे मिटलेलं कधी पाहिलं नव्हतं. भाऊंनी घटकाभर चालवला, "चालतोय," म्हणाले आणि बंद केला. जावई येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

"आतल्या खोलीत लावू या ना," मी म्हटलं. "ती भाजून निघतेय तिथे."

भाऊंनी अक्काकडे पाहिलं. अक्काने कूलरकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे, जसं मी बाळंतिणीला विहिरीत ढकलायला निघाले होते. भाऊंनी विषय संपवला. बाळंतपण हा अक्काचा प्रांत, त्यात आपण पडायचं नाही, असं म्हणाले. या बाबतीत मात्र त्यांना एकदम लोकशाही सुचली.

जावई आला. आता माझे मेहुणे बिचारे सज्जन माणूस, म्हणजे निरुपयोगी. आत जाऊन त्यांनी मुलीला पाहिलं, डोळ्यांत पाणी आलं, ते भावनेने आलं की ओव्याच्या धुराने हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मग अक्का म्हणाली, "दार लाय," आणि ते बाहेर येऊन कूलरसमोर बसले. बसले म्हणजे बसवले गेले. भाऊंनी खुर्ची बरोबर झोतात ठेवली होती. जरा सरकले की भाऊ म्हणायचे, "इकडे या, इकडे हवा लागते." सरबत आलं, आंबे आले. संध्याकाळपर्यंत जावई शिंकायला लागला. रात्री त्याने, जळगावात, मे महिन्यात, अंगावर घ्यायला चादर मागितली. आई चादर देताना माझ्याकडे बघायचं टाळत होती. कारण आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं असतं तर एकतर हसलो असतो नाहीतर कूलर गच्चीवरून खाली टाकला असता.

एक भिंत. भिंतीच्या अलीकडे धडधाकट पुरुष चादर घेऊन शिंकतोय, भिंतीच्या पलीकडे ओली बाळंतीण शेगडीवर. बहिणीच्या पाठीवर घामोळ्यांनी बोट ठेवायला जागा उरली नव्हती. बाळाच्या मानेच्या घडीत लाल चट्टे. आणि कूलरचा आवाज आत ऐकू यायचा, तो तर सगळ्यात वाईट. बहीण म्हणाली, "तो बंद तरी करा गं. ऐकलं की जास्त उकडतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाटीभर पाणी घेऊन आत गेले. बहीण भिंतीला टेकून बसली होती, ओठ कोरडे, नजर कुठेतरी. "ही पीत नाहीये," ती म्हणाली. "सकाळपासून नीट पीत नाहीये. आणि रडतही नाहीये." मी बाळाच्या कपाळाला हात लावला. तापलेला तवा परवडला. हलवलं तर मुलीने डोळे अर्धे उघडले आणि परत मिटले. इतके दिवस मी नुसती चिडत होते, त्या क्षणी मी पहिल्यांदा घाबरले.

"अक्का, बाळाला ताप आहे!"

अक्काने हात लावला. तिचा चेहरा पडला, पण तोंडाला सवयच ती. "वाराच लागना व्हई," ती म्हणाली. "आजून एक गवरी..."

तेवढ्यात आई दारात आली. माझी आई, जी नणंदेसमोर कधी मान वर करून बोलली नव्हती, जिचा सगळा निषेध भाकरीच्या आवाजात संपायचा. तिने बाळ उचललं. कुंची काढली, दुपटं काढलं, नुसत्या झबल्यातलं लेकरू खांद्यावर घेतलं, दुसऱ्या हाताने बहिणीला बाजेवरून उठवलं आणि दोघींना घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. तिथे जावई खुर्चीत, भाऊ शेजारी.

"उठा," आई म्हणाली.

कोणाला म्हणाली ते स्पष्ट नव्हतं, म्हणून दोघेही उठले. भाऊंनी तोंड उघडलं. आईने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी ते मिटलं. तिने खुर्ची झोतातून बाजूला ओढली, बहिणीला बसवलं, मला म्हणाली, "तांब्या भरून पाणी आण. माठातलं." आणि मग भाऊंना, "रिक्षा आणा."

त्या दिवशी मला कळलं की या घरात मालक कोण, याबद्दल इतकी वर्षं आमचा गैरसमज होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आधीच उकाड्याने वैतागलेल्या. त्यांनी बाळाला तपासलं, बहिणीची जीभ पाहिली, बाजेखालच्या शेगडीचं ऐकलं, आणि सरळ भाऊंवर घसरल्या. "पोरीला काय भाजायला ठेवलं होतं का? आईला प्यायला पाणी नाही, तर दूध कुठून येणार? वांगं आहे का ते?" भाऊ इस्त्रीच्या शर्टात उभे राहून ऐकत होते. भरिताच्या मुलखात वांग्याचं उदाहरण त्यांना बरोबर लागलं. बाईंनी मुलीला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. अंग पुसलं, चमच्या-चमच्याने पाजलं, बहिणीला तांब्यावर तांबे पाणी पाजलं. दिवस कलता कलता मुलीने हातपाय झाडले आणि असा काही टाहो फोडला की बाहेरच्या बाकावर बसलेले मेहुणे आनंदाने शिंकले. आई पदरात तोंड घालून रडली. मीही रडले, उगाच कशाला लपवू.

घरी आलो. बाळ-बाळंतीण कूलरच्या खोलीत, झोतापासून जरा बाजूला. जावई पडवीत. आणि अक्का कुठे, तर मागच्या अंगणात, विझवलेल्या शेगडीपुढे. तिने दुपारपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. मी तिच्याकडे गेले ती समजूत घालायला नाही. माझ्याजवळ चार-पाच चांगली धारदार वाक्यं तयार होती, रिक्षात बसून घासून आणलेली.

"पोरगी कशी शे?" तिने वर न बघता विचारलं.

"वाचली," मी म्हटलं. हे पहिलं वाक्य. दुसरं काढणार, तेवढ्यात ती बोलायला लागली.

तिची अहिराणी मला आता तशीच्या तशी लिहिता येणार नाही, शहरात राहून माझी जीभ गुळगुळीत झालीय. पण ती जे म्हणाली ते असं. तिला पाच लेकरं झाली. थोरला शेतातल्या झोपडीत झाला, भुईमूग उपटण्याच्या दिवसांत. सासू नव्हती, आई तर आधीच गेलेली, भाऊ म्हणजे आमचे भाऊ तेव्हा शाळेत. नाळ कापली, पोराला झोळीत टाकलं आणि ओल अंगावर असतानाच ती परत वाफ्यात उतरली. पाचही वेळा तसंच. शेजारी गावच्या पाटलाचं घर. त्यांची लेक बाळंतपणाला यायची तेव्हा त्या घराच्या कौलांतून सकाळ-संध्याकाळ ओव्याचा धूर निघायचा. अक्का डोक्यावर पाटी घेऊन तिथून जायची, आणि तो वास आला की जरा थांबायची. आत कोणीतरी बाजेवर पडलंय, कोणीतरी तिचे पाय चेपतंय, तिला कोणी उठ म्हणत नाहीये. एवढं सुख जगात असतं, असं तिला वाटायचं.

"जे माले भेटनं नही, ते बठ्ठं तिले दिनं," ती म्हणाली. "जरा जास्तच दिनं."

माझी उरलेली वाक्यं तशीच राहिली. मी माठातलं पाणी आणलं आणि ती पिईपर्यंत तिथे बसले. मग आत जाऊन बहिणीला सगळं सांगितलं. ती बाळाला पाजत होती. कानाला बांधलेलं ते फडकं तिने मघाशी कोपऱ्यात भिरकावलं होतं, ते मला उचलून आणायला सांगितलं आणि घडी घालून उशीखाली ठेवलं.

बारसं झालं. अक्काने पाळणा म्हटला, कूलरच्या आवाजावर मात करत. उरलेले दिवस पंखा चालू, मिरची चालू, मालिश मात्र अक्काचीच. कूलरला पुढे भाऊ गरज म्हणायला लागले, आणि पुढच्या उन्हाळ्यात तर एप्रिलची वाटही बघेनात.

पण खरी गोष्ट त्याच वर्षी पौषात घडली. भरिताचे दिवस होते, बहीण मुलीला घेऊन आली होती, आणि वांग्यांची पाटी घेऊन अक्काही आली. थंडी अशी की बादलीतल्या पाण्यात हात घालवत नव्हता. दुपारी बहिणीने अक्काचा हात धरला आणि तिला आतल्या खोलीत नेऊन बाजेवर बसवलं.

"लुगडं सैल कर आणि पालथी पड," ती म्हणाली.

"येडी शे का तू?"

"पड म्हटलं ना. पाच बाळंतपणं राहिलीत तुझी. आज एकदमच करून टाकू."

अक्का साठीला आलेली. आधी हसली, मग शिव्या दिल्या, मग उठून पळायला बघत होती, पण आईने खांदे दाबून धरले आणि मी पाय. बहिणीने कोमट तेलाने तिची पाठ रगडली. त्या पाठीवर ओझ्याने पडलेले घट्टे होते, ते तेलाने काय मऊ होणार, पण ती रगडत राहिली. मग कढत पाण्याची आंघोळ. मग गोधडी, डिंकाचा लाडू, आणि तेव्हा उशीखाली ठेवलेलं, नाशकाहून जपून आणलेलं ते फडकं कानांना घट्ट. मी बाजेखाली शेगडी सरकवली. गवऱ्या शहरातल्या होत्या, धूर फार झाला, पण अक्का काही बोलली नाही. आईने निखाऱ्यावर ओवा टाकला आणि पायथ्याशी बसून तिचे पाय चेपायला घेतले. अक्काने भिंतीकडे तोंड केलं होतं. तिचे खांदे हलत होते, आणि आम्ही तिघी दुसरीकडेच कुठेतरी बघत होतो.

तेवढ्यात भाऊ मधल्या सुट्टीत कचेरीतून आले. दार उघडून उभे राहिले, चष्मा कपाळावर सरकवला. धूर, शेगडी, लाडवांचं ताट, आणि भरदुपारी गोधडीत गुरफटलेली त्यांची थोरली बहीण.

"हे काय चाललंय?" ते म्हणाले. "ही कसली चैन..."

"दार लाय रे भाऊ," गोधडीतून अक्का म्हणाली. "वारा येस."